कूमचा आवाज पुसणारं यंत्र

जगात तुझं सगळ्यात जवळचं माणूस कोण, असं ल्युबिशा पेत्कोविचला कोणी विचारलं असतं, तर त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, माझा कूम, स्त्राहिन्या. आणि कोणाची जरा फजिती झालेली बघायला आवडेल, असं विचारलं असतं तरी नाव हेच निघालं असतं. फक्त हात छातीवरून खाली आला असता.

कूम म्हणजे लग्नात शेजारी उभा राहून साक्ष देतो तो. सर्बियातल्या आमच्या सोंबोर गावात सख्ख्या भावाला कोर्टात खेचता येतं, मेव्हण्याशी दहा वर्षं अबोला धरता येतो, त्यात काही विशेष नाही. पण कूमशी भांडता येत नाही. भांडलात तर लोक म्हणतात, या माणसाचं मुळातच काहीतरी बिघडलंय. त्यामुळे कूमचा हेवा वाटायला लागला की मोठी पंचाईत होते. तो ठेवायचा कुठे? ल्युबिशा तो पोटात ठेवत असे आणि डॉक्टरांना सांगत असे की मला मिरची सोसत नाही.

दोघेही हौशी रेडिओवाले, गावच्या रेडिओ क्लबातले. ल्युबिशा कालवे खात्यात नकाशे काढायचा. बावीस वर्षं एकाच कालव्याचा नकाशा काढत होता. कालवा जागचा हलला नव्हता, साहेब तेवढे बदलत गेले. घरातला रेडिओ त्याने स्वतः बनवलेला, खोका बिस्किटांच्या डब्याचा. स्त्राहिन्या दातांचा डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्याने समोरून उत्तर आलं नाही तरी त्याचं काही अडत नसे. त्याने इटलीतल्या त्रिएस्तेहून जपानी रिसीव्हर आणला होता. गाडीत घोंगड्यांखाली, कॉफीच्या पुड्यांच्या मधे. त्याला नुसतं बोट लावलं की जग ऐकू यायचं. बिस्किटांच्या डब्याला बोट लावलं तर कधी कधी शॉक बसायचा.

हे सगळं ल्युबिशाने पचवलं होतं. पचलं नाही ते कार्ड.

मे महिन्यात स्त्राहिन्याच्या घरच्या संताचा सण होता. भाजलेलं कोकरू, वीस पाहुणे, आणि मधेच स्त्राहिन्याने खिशातून एक कार्ड काढलं. पॅसिफिक महासागरातल्या कुठल्याशा बेटावरून आलेलं. त्या बेटावर एकच रेडिओवाला राहत होता आणि तो स्त्राहिन्याशी बोलला होता; त्याची ही पोचपावती. वर गुलाबी माशाचं चित्र. कार्ड टेबलाभोवती फिरलं. लोकांनी चरबीची बोटं पुसून ते हातात घेतलं. फिरत फिरत ते ल्युबिशाकडे आलं. सगळे थांबले, कारण क्लबमधला दुसरा जाणकार तोच.

"मासा छान छापलाय," ल्युबिशा म्हणाला आणि त्याने कार्ड पुढे सरकवलं.

यापेक्षा जास्त बोलणं त्याला शक्य नव्हतं. कारण कूम त्या बेटाशी बोलला त्याच संध्याकाळी, त्याच मिनिटाला, डायलच्या त्याच जागी तोही कान लावून बसला होता. बेटावरच्या माणसाचा आवाज बारीकसा येत होता, आणि त्याच्या उरावर एक इटालियन बसला होता. इटालियन खरं तर डायलच्या पलीकडच्या बाजूला होता. पण साध्या रिसीव्हरला दोन्ही बाजूंचे आवाज एकदमच ऐकू येतात, कोण कुठून आला हे त्याला कळत नाही. इटालियन अर्धा तास सासूच्या ऑपरेशनबद्दल बोलला. सासू बरी झाली. बेट गेलं.

त्या आठवड्यात ल्युबिशाने एका जुन्या मासिकात वाचलं, की यावर उपाय आहे. चार तारा शेजारी शेजारी, त्यांच्यामध्ये रेझिस्टर आणि कॅपॅसिटर यांची सहा पायऱ्यांची जाळी. आवाज त्या जाळीतून जाताना पायरीपायरीने थोडा थोडा वळत जातो. शेवटी एका बाजूचा आवाज भरून येतो आणि दुसऱ्या बाजूचा आपला आपल्यालाच छेद देऊन मरतो. अट एवढीच, की चोवीसच्या चोवीस कॅपॅसिटर अगदी एकसारखे हवेत. एक जरी फसवा निघाला तर नको असलेला आवाज पूर्ण मरत नाही, मागे कुजबुजत राहतो.

नको असलेला आवाज पूर्ण मरतो, हे वाक्य ल्युबिशाने तीनदा वाचलं. आणि त्या वाचण्यात इटालियनचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर एकदाही आला नाही.

आता एक छोटा रिसीव्हर बनवायचा, यात कोणाचं काय जातंय? पण यंत्राला गच्चीवर नवी तार हवी, तारेला इमारतीच्या मंडळाची परवानगी हवी, आणि मंडळाच्या अध्यक्ष होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या बुदिम्काबाई.

"मागच्या तारेने माझी मालिका हिरवी झाली होती," त्या दारातच म्हणाल्या.

"बाई, ते टीव्हीमुळे. तार नुसती ऐकते, ती काही करत नाही."

"ऐकते? काय ऐकते?"

"जगातलं सगळं."

"मग आमच्या घरातलंही ऐकत असेल," असं म्हणून त्यांनी सोळा घरांच्या सह्या आणायला सांगितल्या.

सह्या मागायला गेलं की माणसाला आपल्या इमारतीचं खरं रूप दिसतं. एकाने सांगितलं, तार तांब्याची लावा. दुसऱ्याने सांगितलं, तांब्याची मुळीच लावू नका, वीज पडते, माझ्या आत्याच्या गावी बैल गेला. बैलाने अँटेना लावली होती का, असं विचारायचं ल्युबिशाने कटाक्षाने टाळलं, कारण सही व्हायची होती. तळमजल्यावरच्यांनी सहीआधी इस्त्री दुरुस्त करून घेतली. ते पाहून दुसऱ्या मजल्यावरच्यांनी दोन इस्त्र्या आणि एक केस वाळवायचं यंत्र आणून ठेवलं. आणि प्रत्येक घरात शेवटी हमखास एकच प्रश्न यायचा.

"तुमच्या त्या डॉक्टरसाहेबांना का नाही विचारत? त्यांचं मशीन फार चांगलं आहे म्हणतात."

पंधरा सह्या आणि सतरा इस्त्र्यांनंतर कळलं, की कागदावर शिक्का लागतो आणि शिक्का असतो पहिल्या मजल्यावरच्या राडोयेकडे. निवृत्त रेल्वे गार्ड राडोये पाठीच्या दुखण्यासाठी गरम झऱ्यांवर गेला होता आणि शिक्का बरोबर घेऊन गेला होता. तीन आठवड्यांनी तो परतला. शिक्का बरोबर का नेला, असं विचारल्यावर तो गंभीरपणे म्हणाला, "मागे ठेवून गेलो असतो तर माझ्या पाठीमागे इथे काय काय मंजूर झालं असतं!" मग त्याने कागदावर शिक्का मारला. तो उलटा पडला. बुदिम्काबाईंनी मोठ्या मनाने कागद उलटा धरून वाचला आणि परवानगी दिली.

मधल्या काळात कॅपॅसिटर आले होते. चोवीस एकसारखे मिळवायचे तर सहाशे मोजावे लागतात. कंपनी सगळ्यांवर एकच आकडा छापते, पण आत प्रत्येकाचा स्वभाव निराळा. ल्युबिशा रोज ऑफिसातून आला की मोजायला बसे आणि मापाप्रमाणे वेगवेगळ्या काचेच्या बरण्यांत टाके. अडतीस बरण्या झाल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी. जून गेला, जुलै, ऑगस्ट. आणि मग सप्टेंबर आला, लाल मिरच्यांचा. सगळ्या इमारतीच्या बाल्कन्यांत भट्ट्या पेटल्या, आयवारचा, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीचा, वास जिन्यातून वरखाली हिंडायला लागला, आणि एक दिवस ल्युबिशा घरी आला तर टेबल स्वच्छ होतं.

"देसांका, बरण्या कुठायत?"

"कुठे म्हणजे? उकळायला टाकल्यात. आयवार काय तुझ्या टोपीत भरू?" त्याची बायको मोठ्या पातेल्यात मिरच्यांचा लगदा घोटत होती. ते घोटणं सुरू असताना थांबता येत नाही, खाली लागतं. म्हणून ती पाठ न वळवता बोलत होती.

"आणि आतलं?"

"परातीत काढून ठेवलंय. एकसुद्धा सांडला नाही हो. धूळ होती, म्हणून विसळूनही घेतले."

"विसळून!"

"मग? उपकार तर राहिलेच."

"अगं, चार महिने मोजत होतो मी! प्रत्येक बरणीत वेगळे होते!"

"सगळे सारखेच तर दिसत होते."

"सारखे दिसतात म्हणूनच वेगळे केले होते!"

देसांकाने यावर क्षणभर विचार केला. "हे असलं काम," ती म्हणाली, "माणसाने मिरच्यांच्या आधी उरकावं."

ल्युबिशाने सहाशे कॅपॅसिटर बाल्कनीत वर्तमानपत्रावर वाळत घातले, मिरच्यांच्या शेजारी. आणि नेमका त्याच वेळी आयवारची पहिली वाटी चाखायला कूम दारात उभा!

"हे काय, कूम?"

"हे? हे देसांकाच्या ट्रान्झिस्टरचं. जरा दुरुस्ती करतोय."

स्त्राहिन्याने वर्तमानपत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. "मोठाच ट्रान्झिस्टर दिसतोय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपलं मोजायचं यंत्र आणि दवाखान्यातला चिमटा घेऊन हजर झाला. नको म्हणायची सोय नव्हती. कूम मदतीला आला की त्याला खुर्ची द्यावी लागते. तीन संध्याकाळी दोघे समोरासमोर बसले. स्त्राहिन्या चिमट्याने एकेक तुकडा उचलायचा, आकडा सांगायचा, ल्युबिशा लिहून घ्यायचा. ल्युबिशाला एकाला जेवढा वेळ लागे तेवढ्यात स्त्राहिन्याचे तीस होत. त्याचा हात अजिबात हलत नव्हता. मधेच पावावर गरम आयवार लावून खायचा आणि म्हणायचा, "कूम, काय मजा येतेय रे!" ते ऐकून ल्युबिशाच्या पोटात मिरची न खाताच आग पडत होती. हे यंत्र चाललं तरी लोक म्हणणार, अर्धं डॉक्टरांनी केलंय.

तिसऱ्या दिवशी स्त्राहिन्याने चोवीस निवडून, दात ठेवायच्या डबीत, कापसावर मांडून दिले. पुन्हा मोजून पाहावेत असं ल्युबिशाच्या फार मनात होतं. पण कूमने मोजलेलं परत मोजणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. हे देसांकाला कळलं असतं तर तिने घरातून काढलं असतं. मोजणाऱ्याला, यंत्राला नव्हे. त्याने मुकाट्याने जाळी जोडली. घरी लावून पाहिली तेव्हा इटालियन बराचसा दबला. पूर्ण मेला की कुजबुजत होता, ते त्या मिरच्यांच्या घोटाघोटीत समजेना.

ऑक्टोबरात क्लबची निवड होती. नोवी साद शहरातल्या रेडिओ प्रदर्शनाला प्रत्येक क्लबतर्फे एकच माणूस जातो. गेली तीन वर्षं स्त्राहिन्या जात होता, आपली कार्डं घेऊन. या वर्षी आपण गेलो नाही तर आयुष्यात कधीच जाणार नाही, याबद्दल ल्युबिशाची खात्री होती. आणि यंत्र दाखवायची युक्ती त्याने स्वतः काढली.

"व्लास्टाकाका," तो क्लबच्या म्हाताऱ्या अध्यक्षांना म्हणाला, "आवाज नाहीसा करून दाखवायचा, तर तो आधी दणदणीत पाहिजे. आपल्या कूमचा घ्यावा म्हणतो."

व्लास्टाकाकांना कल्पना आवडली. स्त्राहिन्याला तर इतकी आवडली की ल्युबिशाला राग आला. ठरलं असं: स्त्राहिन्याने वरच्या अडगळीच्या खोलीत एक चिमुकला ट्रान्समीटर घेऊन बसायचं. त्याला अँटेना नाही, त्यामुळे खालच्या हॉलपलीकडे तो कोणालाच ऐकू जाणार नाही. आधी क्लबच्या जुन्या रिसीव्हरवर त्याने आकडे मोजून दाखवायचे. मग व्लास्टाकाका हीटरच्या पाइपवर पान्याने तीन ठोके देतील, म्हणजे नवं यंत्र सुरू झालं. त्यानंतर तो वाट्टेल ते बोलो, खाली कोणालाही ऐकू येणार नाही. परत ठोके पडले की खाली यायचं.

रविवारी पस्तीस माणसं जमली. देसांका पहिल्या रांगेत. नोवी सादहून निवड करायला येणारे पाहुणे गाडी चुकल्याने आलेच नव्हते, पण लोक खोळंबले म्हणून व्लास्टाकाकांनी सुरुवात केली. जुन्या रिसीव्हरवर स्त्राहिन्याचे आकडे डायलच्या दोन्ही बाजूंना खणखणीत वाजले. पाइपवर तीन ठोके पडले. ल्युबिशाने आपलं यंत्र सुरू केलं आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"हं, तर झालं," स्पीकरमधून स्त्राहिन्याचा आवाज आला, जुन्या यंत्रापेक्षाही स्वच्छ. "आता कोणी ऐकत नाही. बरं वाटलं जरा."

हॉल खदखदून हसला. देसांकाने कपाळाला हात लावला. ल्युबिशाला एका क्षणात सगळं कळलं. सायकलवरून आणताना जाळीच्या तारा जोडणारे दोन चिमटे सुटले होते आणि त्याने ते घाईघाईने अदलाबदल करून लावले होते. ते उलटे लागले की यंत्र ऐकायची बाजू पुसतं आणि पुसायची बाजू ऐकतं. या छंदातला प्रत्येक माणूस ही चूक एकदा करतोच. बहुतेक जण ती घरी करतात.

"तर कूम ल्युबिशा," स्पीकर म्हणाला, "तुला ऐकू येत नाहीये म्हणून सांगतो. मी तुझ्यावर..."

पुढचा शब्द यायच्या आत ल्युबिशाने हेडफोनची पिन यंत्रात खुपसली. स्पीकर बंद पडला. हॉल चिडीचूप झाला.

"गेला!" व्लास्टाकाका ओरडले. "जरा जुळवून घेतलं, आणि पार गेला!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ल्युबिशाने हेडफोन कानाला लावले, चेहरा शास्त्रज्ञासारखा केला, आणि ऐकू लागला.

"...जळतो," स्त्राहिन्या सांगत होता. "खरंच सांगतो. ते कार्ड मला कसलं मिळालं? त्या जपानी खोक्याला मिळालं. मी आपला बटण फिरवायला. मला वाटलं, तू तरी विचारशील, कूम, कसा ऐकलास रे त्याला? सगळ्या टेबलात विचारण्याजोगा तू एकटा. तू माशाबद्दल बोललास. आणि तो ट्रान्झिस्टर देसांकाचा नाही, हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. हे माझं तोंड बंद करायला चाललंय, तेही कळलं होतं. तरी येऊन बसलो. आजवर मला कोणी काही बनवताना शेजारी बसू दिलं नव्हतं रे. आणि तिसऱ्या दिवशी, ते चोवीस डबीत भरताना, देवा मला क्षमा कर, माझ्या मनात आलं की यात एक चुकीचा घालावा. एकच. कोणाला कळणार होतं? तू परत मोजणार नाहीस, हे मला ठाऊक होतं. चिमट्यात धरलासुद्धा होता. आणि मग मी..."

टण्, टण्, टण्. व्लास्टाकाकांनी पाइप वाजवला. वरचा आवाज बंद झाला.

"थांबा हो जरा!" ल्युबिशा किंचाळला. पण कोणी ऐकलं नाही.

स्त्राहिन्या जिना उतरून आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "काही ऐकू आलं?"

पस्तीस माणसं बघत होती. ल्युबिशाने छातीवर हात ठेवला. "एक अक्षर नाही, कूम."

स्त्राहिन्याने त्याला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले, आणि तिसरा प्रथेप्रमाणे. "जिंकलास!" तो सगळ्यांना ओरडून सांगू लागला. "मी अर्धा तासही बोललो असतो, आणि एक अक्षर नाही!" तेवढ्यात दार उघडलं आणि धापा टाकत नोवी सादचे पाहुणे आत आले. गाडी चुकल्याबद्दल त्यांनी सगळ्यांची माफी मागितली आणि विचारलं, सुरुवात करायची का?

स्त्राहिन्या आनंदाने पुन्हा वर गेला. त्या गडबडीत ल्युबिशाने पाठ वळवून दोन चिमटे अदलाबदल केले आणि हेडफोनची पिन उपसली. पाइपवर तीन ठोके पडले. त्याने आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

स्पीकरमधून काहीही आलं नाही. पाहुण्यांनी कान अगदी स्पीकरला लावला. खरखर नाही, कुजबुज नाही. वरच्या खोलीत स्त्राहिन्या बोलत होता हे नक्की, कारण तो गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. कदाचित मघाचं वाक्यच पुरं करत असेल. पण ते पुरं करायची आता गरज नव्हती. चोवीसात एक जरी फसवा असता तर त्याचा आवाज मागे कुठेतरी पुटपुटला असता. एकही फसवा नव्हता.

"अशी शांतता मी उभ्या आयुष्यात ऐकली नाही," पाहुणे म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे ल्युबिशाचं नाव लिहून घेतलं. लोक पाठ थोपटू लागले. देसांका अभिमानाने शेजारणीला सांगत होती, की बरण्या मीच रिकाम्या करून दिल्या होत्या.

ल्युबिशा मात्र छताकडे बघत उभा होता. चिमटा आपल्या हातात असता तर आपण काय केलं असतं, याचा हिशेब करायला त्याला फार वेळ लागला नाही. आपण एक नाही, दोन घातले असते. आजवर त्याला कूमच्या रिसीव्हरचा हेवा वाटला होता, कार्डांचा वाटला होता, न हलणाऱ्या हाताचाही वाटला होता. पण कूमच्या मनाचा हा हेवा त्या सगळ्यांहून वाईट होता, कारण असं मन त्रिएस्तेहून आणता येत नव्हतं आणि घरी बनवताही येत नव्हतं. त्याने व्लास्टाकाकांच्या हातातून पाना घेतला आणि कूमला खाली बोलवायला स्वतःच पाइप वाजवू लागला. तीन ठोके पुरे होते, पण तो वाजवतच राहिला.